शेजारची खुर्ची

माझा माणूस अंबडच्या कारखान्यात अपघातानं गेला. मग मी एका सायबर कॅफेत फरशी पुसायला लागले. तिथं रोज दुपारी एक म्हातारा यायचा. नाव मी कधी इचारलं नाय. आधी चष्मा सदऱ्याला पुसायचा, मग खिशातली सीडी घालून एक जुना खेळ लावायचा.

"मावशी, आमच्याकडं जपानी कम्प्युटर होता, टीव्हीला जोडायचा. तो कधीच बंद पडला. आता ही सीडी घातली की तोच या नव्या कम्प्युटरच्या पोटात चालतो."

खेळात दोन बाहुले होते. एक पळायचा, दुसरा कडेला उभाच.

"ह्यो का उभा ऱ्हातो?"

"तो बायकोचा. ती नाही आता."

एकदा म्हणाला, "मावशी, दाबा की तिचं बटण." मी दाबलं. बाहुला उडाला अन् खड्ड्यात पडला. म्हातारा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला.

"तिचाही इथंच पडायचा!"

शेजारच्या खुर्चीवर तो कधी कुणाला बसू द्यायचा नाय. दुसऱ्या दिवशी त्यानं ती माझ्यासाठी ओढून ठेवली. मी खुर्चीखालची फरशी पुसली, पण बसले नाय. माझ्या माणसाच्या खाटंवर मीबी अजून कुणाला बसू दिलं नाय.