निरोगी पुरुष हवेत

किस्से जमवावे लागत नाहीत, काम अडलं की ते आपोआप साचतात. धुळ्याला पॅथॉलॉजीत एमडी करताना माझा थीसिस फेरिटिनवर होता. ही शरीरातला लोहाचा साठा सांगणारी रक्ततपासणी. रिपोर्टवर छापलेली नॉर्मल मर्यादा तपासणीच्या किटसोबत येणाऱ्या परदेशी पत्रकातली, मला खान्देशातल्या निरोगी पुरुषांची शोधायची होती.

अटी साध्या. वय पन्नासच्या आत, दारू नको, अलीकडे रक्तदान नको, आणि लोहाच्या गोळ्या तर अजिबात नकोत, कारण त्यांनी आकडाच बदलतो. किटची मुदत महिनाअखेर संपणार होती आणि दुसरं मिळणार नव्हतं. तोवर माणसं भरली नाहीत तर थीसिस लटकला.

*

पहिले काही दिवस पेशंटबरोबर आलेल्या धडधाकट नातेवाइकांना गाठलं.

"मला काहीच होत नाही, मग सुई कशाला?"

"काही होत नाही म्हणूनच हवंय तुमचं रक्त."

"बरं, मग आजारी पडलो की येतो."

*

जळगावच्या एका कापडवाल्या शेठजींनी स्वतःहून फोन केला. जैन माणूस, दारू नाही, तंबाखू नाही, पहाटे फिरणं. मी गाडीभाडं खर्चून गेले. शेठजींनी बाही वर केली आणि अभिमानाने सांगितलं, "दर तीन महिन्यांनी रक्तदान करतो मी."

तुम्हाला घेता येणार नाही म्हटल्यावर ते दुखावलेच. "म्हणजे रक्त देणारा बाद आणि न देणारा निरोगी? कोणी शिकवलं तुम्हाला हे?"

मी चहा पिऊन परत आले.

*

चाळीसगावचे आबा आणि त्यांचा मुलगा एकत्र आले. दारूचं विचारलं. आबांनी मुलाकडे पाहिलं, मुलाने आबांकडे, आणि दोघंही एकदमच "नाही" म्हणाले. मी खुशीत दोघांचं रक्त घेतलं.

थोड्या वेळाने मुलगा एकटाच परत आला. "मॅडम, आबांचं नाव काढा. घेतात ते."

तो जिना उतरतोय तोच आबा हजर. "ताई, पोऱ्यानं नाव काढी टाका. पेस तो."

*

सर म्हणजे माझे गाईड. माझं रडगाणं ऐकून वैतागले आणि स्वतःच हात पुढे केला. "घे. माझ्याइतका फिट माणूस या कॉलेजात नाही."

आकडा भलताच वर आला. सर म्हणाले, मशीन पुन्हा तपास. तपासलं, आकडा तोच. माझ्या महागाच्या किटमधल्या दोन टेस्ट मात्र वाया गेल्या. मग सर थंडपणे म्हणाले, "वयाची अट पन्नासची आहे ना? मला एक्कावन्न चालू आहे."

*

शेवटचा आठवडा उरला. तेव्हा भडगावजवळच्या एका गावातून नानांचा निरोप आला. नाना म्हणजे गावात ज्यांचा शब्द चालतो असे गृहस्थ. लोहाची तपासणी आहे, निरोगी पुरुष हवेत, हे महिन्याच्या सुरुवातीलाच मी त्यांच्या कानावर घातलं होतं. थीसिस भरेल इतके गडी तयार आहेत, या म्हणाले.

गेले तर मारुतीच्या पारावर पंचवीस-तीस गडी अंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून रांगेत बसलेले. कोणी पिणारा नाही, कोणी रक्त दिलेलं नाही. मला खरंच भरून आलं. सुया काढल्या, नळ्या मांडल्या आणि शेवटचा प्रश्न विचारणार, तेवढ्यात नाना कानाशी वाकले. सदऱ्याच्या खिशातून औषधाची रिकामी पाकिटं काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवली.

"ताई, गावनं नाक जावाव नई. एक बी गडी नापास व्हवाव नई. पंधरा दिनपाईन बठ्ठास्ले लोहन्या गोळ्या चारी ऱ्हायनू."