बाईंची पालथी वाटी

"लाईन लागली. थोडक्यात बोला!"

बाई हे वाक्य दोन ठिकाणी म्हणत. रत्नागिरीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मुंबईचा ट्रंक कॉल जोडून देताना, आणि रविवारी दुपारी आपल्या घरी, पालथ्या वाटीवर बोट ठेवून मेलेल्या माणसाला बोलावताना. आवाज तोच, घाईही तीच.

ऐंशीनंतर एकदोन वर्षांत मी तिथे ऑपरेटर म्हणून लागले. माझी खुर्ची बाईंच्या शेजारी, म्हणून रविवारचं आमंत्रणही लवकर मिळालं. कॅलेंडरच्या पाठीवर अक्षरं लिहिलेली, दोन कोपऱ्यांत 'हो' आणि 'नाही', आणि मध्ये नैवेद्याची चांदीची वाटी. प्लँचेट म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर अंधार आणि उदबत्ती येईल. इथे खिडक्या सताड उघड्या आणि शेजारी पोह्यांची बशी.

बाईंचा नियम एकच. बसलेल्यांपैकी कुणालाच ठाऊक नसेल ते विचारायचं, मग ताडून बघायचं. एका गृहस्थांच्या वारलेल्या आईनं कपाटाची किल्ली तांदळाच्या डब्यात आहे म्हणून सांगितलं. डबा उपसला, किल्ली निघाली शेजारणीकडे.

"राँग नंबर," बाई म्हणाल्या. "दुसऱ्याच कुणाची आई आली."

एकदा मी विचारलंच, "बाई, तुमचा खरंच विश्वास आहे?"

"अमेरिकेत दोघी बहिणी होत्या गो. त्यांच्याकडे मेलेली माणसं टकटक करून उत्तरं द्यायची. जग वेडं झालं. म्हातारपणी एकीनं सांगितलं, आवाज आम्हीच काढायचो, पायाची बोटं मोडून. बोटांचा भरवसा नाही गो."

"मग तुम्ही कशाला बसता?"

"एखादा कॉल खरा लागला तर?"

एका माणसाला मात्र त्यांनी कधी बोलावलं नव्हतं. नवरा पूर्णगडचा, जहाजावर नोकरीला. परदेशातल्या कुठल्याशा बंदरातून जहाज सुटलं तेव्हा तो त्यावर नव्हता, एवढंच कंपनीनं कळवलं होतं. बाईंच्या गळ्यात मंगळसूत्र होतं आणि कपाळावर ठसठशीत कुंकू.

बारा वर्षं झाली तसा दीर आला. इतकी वर्षं बेपत्ता असलेल्या माणसाचा दर्भाचा पुतळा करून जाळतात आणि पुढची क्रिया करतात. "आईचा जीव अडकलाय, वहिनी," तो म्हणाला. "आता मोकळं करू दादाला." माणूस वाईट नव्हता, डोळे भरले होते त्याचे.

बाई म्हणाल्या, "आधी बोलावून बघू. आले, तर तुम्ही म्हणाल तसं. नाही आले, तर पुतळ्याचं नाव काढायचं नाही."

तो कबूल झाला. वाटीवर एक बोट त्याचं, एक बाईंचं, तिसरं माझं.

बाईंनी नवऱ्याचं नाव घेतलं. त्यांच्या तोंडून ते मी पहिल्यांदाच ऐकलं. "आलायत का?" एवढंच विचारलं. थोडक्यात बोला, असं म्हणाल्या नाहीत.

माझ्या बोटाखाली ओढ लागली, 'हो'च्या बाजूला. दीर ओढत होता, बाई ओढत होत्या की आणखी कुणी, मला आजही माहीत नाही. मी सगळा जोर बोटावर आणला आणि वाटी दाबून धरली. धडधडीत लबाडी होती ती, आणि मला तिची लाज वाटत नाही.

बाईंनी पुन्हा नाव घेतलं. मग तिसऱ्यांदा.

"नो रिप्लाय," त्या म्हणाल्या. एवढ्या आनंदानं हे दोन शब्द एक्स्चेंजमध्ये कधी कुणी उच्चारले नसतील. "भावजी, चहा घेऊन जा."

दीर संध्याकाळच्या एस्टीनं गेला. कपबशा उचलताना बाईंनी माझं बोट हातात घेतलं. टोक पांढरं पडलं होतं. त्या ते चोळत राहिल्या.

पुढे एस्टीडी आली, ट्रंक कॉल कमी झाले, बाई रिटायर झाल्या. एका सकाळी गेल्या, कपाळावरच्या कुंकवासकट. त्यांच्या भाचीनं ती वाटी मला आणून दिली.

बाईंना एकच विचारायचंय: ते तिथे भेटले का? वाटी घरात आहे, बोटही आहे. पण मी तिच्यात देवापुढे दहीसाखर ठेवते, घासते, आणि निथळायलासुद्धा पालथी घालत नाही.