ओढ्यापलीकडची हाक

डब्यात पाच किलो तांदूळ आहे, हंड्यात पाणी आहे, दाराशी सरपणाची मोळी आहे, आणि तरी माणूस दोन दिवस उपाशी. असं होतं का हो? रेशनची गोणी उतरली की भूक मिटली असं समजणाऱ्यांनी आधी उत्तर द्या. मीही तसंच समजत होते. बावीस वर्षं त्या गोण्यांसाठी कचेरीच्या पायऱ्यांवर बसले, साहेबांशी भांडले, दोनदा पोलिसांच्या गाडीत बसून आले. तांदूळ मिळवला. तो स्वतःहून शिजत नाही, हे मात्र मला रंगूनं शिकवलं, आणि तेही फार उशिरा.

रंगू खैरपाड्याची. डोळखांबहून निघालेला जीपवाला जिथं "पुढं गाडी जात नाय" म्हणून उतरवतो, तिथून पाऊण तास चढ. बावीस घरं. दिवाळी सरली, भात झोडून झालं की हातपाय चालणारं प्रत्येक माणूस भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातं, ते वैशाखात परततं. मोठी पोरं आश्रमशाळेत. मागे राहतात ती म्हातारी माणसं आणि त्यांच्या गळ्यात टाकलेली लहान पोरं. यंदा अकरा म्हातारी आणि आठ पोरं. त्यातलं सगळ्यात मोठं पोर सहा वर्षांचं.

रंगूही वीस वर्षं जात होती. नवरा विठू चिखल करायचा, ती विटा थापायची. मुलगी सोनाली भट्टीवरच रांगायला शिकली. नऊ वर्षांपूर्वी चिखलाची पाटी घेऊन रंगू पडली आणि तिचं कंबरेचं हाड दुखावलं. पुढच्या दिवाळीनंतर विठू सोनालीला घेऊन गेला. रंगू मागे राहिली. पाडा रिकामा झाल्यावर मागे काय होतं, ते तिनं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

एकट्या म्हाताऱ्या माणसाच्या घरी चूल पेटत नाही. एका जिवासाठी कशाला सरपण जाळायचं? मूठभर कण्या भिजवायच्या, मीठ लावायचं, चघळायचं. सोबतच्या पोरालाही तेच. देवजी तेव्हा सत्तरीचा. दात नाहीत, पण जीभ कोयत्यासारखी. अंगणात बसून तो अशाच कण्या चघळत होता.

"देवजीबाबा, इकडं ये. जेवान झालाय," रंगूनं हाक मारली.

"मी मागितला का?"

"नाय. मी हाक मारली. हाक मारलेल्याला मागायला लागत नाय."

देवजी आला. दुसऱ्या दिवशी दोघं आली, होळीपर्यंत नऊ. त्या पाड्यात मागून खात नाहीत. मरतील, पण भुकेला आहे असं तोंडानं म्हणणार नाहीत. म्हणून रंगूनं रीत पाडली: रांधून झालं की दारोदार जायचं, प्रत्येकाच्या दारात उभं राहून नाव घेऊन बोलवायचं. बोलावलेला माणूस पाहुणा. पाहुण्याला लाज नसते.

पुढच्या वर्षी भट्टीवर निघायच्या दिवशी बायका आपणहून आल्या. प्रत्येकीनं दोन पायल्या भात रंगूच्या कणगीत ओतलं. मग घरी जाऊन आपापल्या चुलीवर पाणी ओतलं. मागे राहिलेल्या निखाऱ्यानं कधीकाळी दोन घरं जळाली होती, तेव्हापासून पाणी ओततात. पण त्या दिवशी त्या तशाच ओल्या हातांनी परत आल्या, रंगूच्या चुलीच्या दगडाला हात लावला आणि उतरणीला लागल्या. एकवीस चुली विझल्या आणि एक पेटती राहिली. ती पेटती ठेवायचा शब्द रंगूनं दिला नव्हता. तो तिच्याकडून असा घेतला गेला.

मग मी पोहोचले. एका संस्थेकडून मोठी जर्मनची पातेली आणली, पत्र्याची शेड आणली, शेडवर पाटी लावली: "रंगूची चूल". पाहुणे आणले. ते वरणभात खायचे, रंगूला मधे उभी करून फोटो काढायचे, "केवढं मोठं काम!" म्हणत अंधार पडायच्या आत शहापूर गाठायचे. मी सभांमधून छाती पुढं काढून सांगायचे, बघा, सरकारनं जे केलं नाही ते एका अडाणी बाईनं केलं. टाळ्या पडायच्या. आठ हिवाळे रंगू पाड्याबाहेर एक रात्र राहिली नाही. भावाच्या तेराव्याला गेली, ती सकाळी जाऊन संध्याकाळच्या रांधणाला परत. सोनालीचं लग्न वैशाखात धरलं, का, तर तेव्हा माणसं परतलेली असतात. हे सगळं मला माहीत होतं. मी याला निष्ठा म्हणत होते.

यंदा कार्तिकात रंगूनं मला बाजूला घेतलं.

"बाय, सोनालीला दिवस गेलेत. पयलीच खेप. मी माघात जाऊ का तिच्याकडं? दीड म्हयना."

सोनाली दिली आहे वैशाखरे गावात, मुरबाडच्या पुढं, माळशेजच्या वाटेवर. सासू नाही. नवरा प्रणय कारखान्यात पाळीवर. मुरबाडच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं, रक्त फार कमी आहे, सुया घ्याव्या लागतील, डोंगरातल्या माहेरी अजिबात जायचं नाही, आणि सोबत बाईमाणूस पाहिजे.

मी काय म्हणावं? मी तडकले. "आणि इथं कोण? तू हललीस की सगळं बसलं. दीड महिना म्हणे! आठ वर्षांची इज्जत घालवशील."

"कोनाची?" रंगूनं विचारलं.

तिनं उत्तराची वाट पाहिली नाही. पातेलं घासायला बसली.

पौषात सोनालीचा फोन आला. खैरपाड्यात फोन लागायचा तर मागच्या टेकाडावर चढावं लागतं. रंगू कंबर धरत चढली, मी सोबत होते. सोनाली रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं.

"आई, पाय सुजलेत. तू एकोनीस मानसांना हाक मारतंस ना? मला विसावी धर."

रंगूनं फोन माझ्या हातात दिला आणि खाली बघत उभी राहिली. एवढी वर्षं दुसऱ्यांना जेवू घालणाऱ्या बाईच्या पोटच्या पोरीच्या अंगात रक्त नाही. मला शरम वाटली, आणि शरम वाटली की मी जास्तच मोठ्यानं बोलते. "जा तू! आठ दिवस जाऊन ये. मी बघते. शंभर शंभर माणसांच्या सभांचं रांधलंय मी."

मंगळवारी सकाळी जेवणं उरकून ती निघाली. निघताना एकच सांगितलं, "सगल्यांना हाक मार गो."

"मारते, मारते."

संध्याकाळी मी भात केला, वरण केलं. आणि शाळेत वाजवतात तसं ताट घेऊन दगडानं वाजवलं. ठणठण अख्ख्या पाड्यात ऐकू गेलं. पोरं धावत आली, म्हातारी माणसं आली, जरा बिचकत, पण आली. देवजीनं भात चिवडला. "भात हाय का चिकनमाती? भट्टीवर ने, विटा बऱ्या होतील." सगळी हसली. मीही हसले. बुधवारी दोन्ही वेळा तसंच. एक ताट कोरडं राहत होतं. मला वाटलं, एखादं पोर झोपलं असेल. पाणी आणायला खालच्या विहिरीवर चार खेपा करून माझे गुडघे बोलायला लागले होते. ताटं कोण मोजतंय?

गुरुवारी सकाळी मोजली. अठरा माणसं.

"कोण नाही?" मी विचारलं.

देवजी दुसरीकडं बघत म्हणाला, "ओढ्यापल्याड एक म्हातारी ऱ्हाते. मला काय इचारतंस?"

सावळी. ओढ्यापलीकडच्या एकट्या घरातली. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, जाळ दिसत नाही. एकदा हात भाजून घेतल्यापासून चूल पेटवत नाही. देवजी आणि ती एका फणसाच्या झाडावरून बारा वर्षं एकमेकांचं नाव घेत नाहीत. बाकीच्यांना वाटलं, मी तिचं ताट घरी पोचवत असेन.

मी धावत ओढा ओलांडला. सावळी भिंतीला टेकून बसली होती, अंगावर गोधडी, ओठ सुकलेले. शेजारी तांदळाचा डबा. आमच्याच भांडणातून मिळालेला तांदूळ, पाच किलो.

"सावळीआजी, जेवायला का नाही आलीस? ताट वाजलं ते ऐकलं नाहीस?"

"ऐकला ना."

"मग?"

"हाक नाय आली गो. वाटला, पुरला नसंल."

मी तिथंच जमिनीवर बसले. तिला दोन दिवस वाटत होतं की अन्न कमी पडलंय, म्हणून आपल्याला वगळलंय, आणि ते तिला योग्यच वाटत होतं. माझ्याबद्दल तक्रार नव्हती तिची. तेच जास्त लागलं.

तिला पेज पाजली. मग टेकाडावर चढले आणि रंगूला फोन केला. सगळं सांगितलं. सोनाली कशी आहे हे विचारलं नाही. म्हणाले, "ये."

शुक्रवारी दुपारी रंगू आली. दोन एसटी, एक जीप आणि पाऊण तास चढ, त्या कंबरेनं. डोक्यावरचं गाठोडंही उतरवलं नाही, सरळ ओढा ओलांडून सावळीच्या दारात गेली. "सावळीआजी, ये, जेवान करतंय." अजून चूलही पेटली नव्हती. सावळी तिच्या खांद्याला धरून आली आणि चुलीशेजारी बसून राहिली, शिजेपर्यंत.

रात्री भांडी घासताना रंगू म्हणाली, "बाय, तू भाषान लय झ्याक करतंस. हाक मारायला येत नाय तुला."

"शिकेन."

"शिक. पन सोनाली काय म्हनली ठाव हाय? म्हनली, जा आई, तुला बोलावना आलाय. मला तर तू कवाच हाक नाय मारलीस."

एवढं बोलून ती पातेलं घासत राहिली. ते केव्हाच लख्ख झालं होतं.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये मी सगळ्यांना बसवलं. देवजी पहिला बोलला, "जा गो तू पोरीकडं. आमी आमचा खाऊ."

"सावळीला तू हाक मारशील?" मी विचारलं.

देवजी म्हणाला, "तिचा फनस मी सोडला. पन तिच्या दारात मी जायाचो नाय."

"कोन बोलावतोय तुला मेल्या!" सावळी कोपऱ्यातून ओरडली. बारा वर्षांतलं त्यांचं हे पहिलं बोलणं. पोरं खिदळली. रंगू हसली नाही. ती पातेल्यांकडं बघत होती, मग शेडकडं, मग माझ्या त्या पाटीकडं. खुंट्याला बांधलेलं ढोर दाव्याची लांबी बघतं तसं.

विठूला फोन केला, कोणी एक बाई तरी परत पाठव. तो म्हणाला, मुकादम ऐकत नाय, जोडीतला एक सुटला की दुसऱ्याचं कामही बंद. अंगणवाडीत पोरांना दुपारचं खायला मिळतं, म्हाताऱ्यांना नाही. मी कचेरीत गेले. साहेब म्हणाले, "मॅडम, धान्य तर वेळेवर पोचतंय ना?" पोचतंय, साहेब. खोटं कशाला बोलू?

मग मीच का करत नाही? करणार आहे. हाक मारायला शिकले आहे, रोज संध्याकाळी रंगूच्या मागं दारोदार फिरते. पण विहिरीच्या खेपा, सरपण, दोन वेळचं रांधणं, आठ पोरांना भरवणं आणि ओढ्यापलीकडून सावळीला धरून आणणं, एकटीनं होत नाही. रंगू एकटी कशी करते, असं विचारू नका. आठ वर्षं आम्ही कोणी ते विचारलं नाही, तिथंच चुकलं.

सोनालीची तारीख माघी पौर्णिमेच्या आसपासची आहे. पंधरा दिवस आधी कोणीतरी तिच्याजवळ पाहिजे. रंगूनं गाठोडं सोडलेलंच नाही. ते कणगीवर ठेवलंय. ती त्याच्याकडं बघत नाही, मी बघते.

म्हणून हे लिहिते आहे. पैसे पाठवू नका, तांदूळ पाठवू नका, कॅमेरा तर अजिबात आणू नका. मला दोन माणसं पाहिजेत, बाई असो की बाप्या, दीड महिन्यासाठी. भाकरी नाही आली तरी चालेल, कळशी उचलता आली पाहिजे. माघ लागायच्या आत या. डोळखांबला उतरा, जीपवाल्याला खैरपाडा सांगा, शेवटचा चढ चालत या. आणि आलात की ताट वाजवू नका. ओढा ओलांडा, सावळीच्या दारात उभे राहा, आणि तिला नावानं हाक मारा.