जेरुतोची साखर

जेरुतोला साखर झालीय असं मिशनच्या दवाखान्यात सांगितलं, तेव्हा तिची आई हसलीच. साखर व्हायची ती आमदारांना, नाहीतर नैरोबीत गाडीतून हिंडणाऱ्यांना. ही पोर चिपाडासारखी, डोंगर चढून धावत शाळेला जाणारी. हिला कुठली साखर? पण घागरभर पाणी प्याली तरी तिची तहान भागत नव्हती, आणि शेवटी ती शाळेच्या मैदानावर कोसळली होती. सिस्टर बर्नाडेटने तिला पोटात सुई टोचून घ्यायला शिकवलं, बोटाचा थेंब यंत्राला लावून साखर बघायला शिकवलं. तुझं शरीर जे काम विसरलंय ते आता तुला डोक्याने करायचंय, आणि त्याला रविवारचीसुद्धा सुट्टी नाही, असं बजावलं. मी पळू का, एवढंच जेरुतोने विचारलं. सिस्टर म्हणाली, "खुशाल पळ. पण उपाशी पळू नकोस, आणि जवळ गोड असल्याशिवाय फाटकाबाहेर पाऊल टाकू नकोस."

पुढे ती धावण्याच्या सरावासाठी तुवेई मास्तरांच्या कॅम्पात राहायला गेली, तिथे तर सगळ्या मुली उपाशीच पळत. उजाडता उजाडता निघायचं, आणि परत आल्यावर दुधाच्या चहाच्या किटलीवर तुटून पडायचं, अशी तिथली रीत. जेरुतो सगळ्यांच्या आधी उठून स्वयंपाकघरात जाई आणि रात्रीचा गार उगाली, मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, उभ्याउभ्या खाई. स्वयंपाकीण तिला उंदीर म्हणायची. जेरुतोने ते नाव हसून चालवून घेतलं. हावरट म्हटलं तर म्हणू देत, आजारी नको म्हणायला. लांब पल्ल्याच्या दिवशी सुईतलं औषध ती निम्म्यावर आणायची आणि वाटेत ग्लुकोजची पूड चाटायची. तोंड पुसल्यासारखं करून चाटायची, म्हणजे कोणाच्या लक्षात येत नसे.

लपवायला कारण होतं. तिच्या आधीच्या वर्षी एका मुलीच्या पेटीत सुया सापडल्या होत्या. ताकद वाढवायचं चोरटं औषध ती टोचून घेत होती. कॅम्पाचं नाव पेपरात आलं, आणि मास्तरांनी सगळ्यांना उभं करून सांगितलं की ह्या घरात पुन्हा सुई दिसली तर सुईवालीने त्याच दिवशी गाशा गुंडाळायचा. जेरुतोच्या औषधाला खेळाच्या संघटनेची रीतसर परवानगी होती, सिस्टरनेच खटपट करून मिळवलेली. पण ती दाखवायची म्हणजे आजार सांगायचा. आणि फेफरं येणाऱ्या एका मुलीला मास्तरांनी घरी पाठवलेलं तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. आजारी बैल नांगराला जुंपत नाहीत, असं मास्तर तेव्हा म्हणाले होते.

त्या गुरुवारी निवड होती. दरीच्या कडेपर्यंत जाऊन परत यायचं, आणि पहिल्या दोघी परदेशच्या मोठ्या शर्यतीला जायच्या. जेरुतो आणि तिच्या खोलीतली सालिना, दोघींचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं.

जंगलाच्या चढापर्यंत सगळं बेतासारखं झालं. दोघी खांद्याला खांदा लावून पुढे होत्या. चढाच्या पायथ्याशी जेरुतोने खिशातली पुडी काढली, दातांनी फोडली आणि जिभेवर उपडी केली.

गोड लागलंच नाही. कोरडं, भुसभुशीत काहीतरी टाळ्याला चिकटलं. ती थुंकली. मक्याचं पीठ होतं.

"हे कोणी घातलं माझ्या खिशात?"

सालिनाने मान वळवली नाही. "मी. तुझं ते पांढरं मी संडासात टाकलं. चोरटी औषधं शोधणारे तपासणीवाले आलेत गावात, दरवानाने सांगितलं मला. नुसतीच पुडी काढली असती तर तू फाटकातच बोंब मारली असतीस. सुईही टाकणार होते, पण कुठे लपवलीस ती सापडलीच नाही."

"तुला सुई माहीत होती?"

"एका खोलीत झोपतो आपण. मी आंधळी आहे का?"

"सालिना, ती साखर होती."

"सगळ्या असंच म्हणतात, बाई."

"खरी साखर गं. मला साखरेचा आजार आहे. सुई त्याचीच."

सालिनाने आता मान वळवली. मग म्हणाली, "एवढीशी तू. तुला कुठला आलाय तो आजार?"

पण जेरुतोचा चेहरा पाहून तिचा आवाज खाली आला. आता काय होईल, असं तिने विचारलं. काही नाही, सकाळी खाल्लंय मी, पुरेल तेवढं, असं जेरुतो म्हणाली. ते खोटं आहे हे तिचं तिलाच ठाऊक होतं. मास्तरांची पिकअप मागच्या मुलींना पाणी द्यायला थांबली होती. हात वर करून थांबलं तर ती येईल, मास्तर विचारतील, आणि सांगावं लागेल. चढ संपेपर्यंत बघू, असं तिने ठरवलं. दुखण्यापेक्षा हे ठरवणंच तिला महागात पडणार होतं.

आधी ओठ बधिर झाले. मग घाम आला, आणि तो गार होता. चढाच्या अर्ध्यावर रस्त्याची लाल माती तिला हलताना दिसू लागली. सालिनाने तिला थांब म्हटलं तर ती खेकसली, "तुला एकटीला जायचंय पुढे, म्हणून थांबवतेस." एरवी ती असलं कधी बोलली नसती. तिच्या जिभेवरचा ताबाही साखरेबरोबर उतरत होता. ती वेगाने पुढे निघाली, वाकडी पळत गेली आणि रस्त्याकडेच्या चरात गुडघ्यांवर पडली.

मागून येणाऱ्या दोघी जवळून निघून गेल्या. त्यांनी वळून पाहिलं, पण निवडीच्या दिवशी कोण थांबतं? सालिनाने क्षणभर त्यांच्या पाठींकडे पाहिलं. मग ती चरात उतरली.

जेरुतो उठू पाहत होती, तिला ढकलत होती. मी ठीक आहे, मी ठीक आहे, एवढंच बडबडत होती, आणि डोळे मिटत होते. सालिनाने तिला झाडाच्या बुंध्याशी टेकवलं, फाडकन एक थोबाडीत मारली आणि म्हणाली, "झोपलीस तर बघ." वळणापलीकडे एका झोपडीतून धूर निघत होता. आजवर पळाली नव्हती तशी सालिना तिकडे पळाली.

झोपडीतली म्हातारी शेंगा सोलत बसली होती. धापा टाकत साखर मागणारी पोर पाहून ती म्हणाली, "शेजारणी वाटी घेऊन येतात साखर मागायला. तू हात हलवतच आलीस की."

"कोगो, आजी गं, मैत्रीण मरतेय माझी."

म्हातारीने दुसरा प्रश्न विचारला नाही. साखरेचा डबा तिने सालिनाच्या छातीशी कोंबला, चुलीवरची चहाची किटली उचलली आणि मागोमाग निघाली.

जेरुतोचे दात घट्ट मिटले होते. सालिनाने बोटाने गालाच्या आत साखर चोळली, थोडी थोडी, घशात अडकणार नाही अशी. पुन्हा चोळली. काहीच होईना. म्हातारी देवाचं नाव घेत तिचे तळपाय घासत होती. बऱ्याच वेळाने जेरुतोने जीभ हलवली, गिळलं, आणि डोळे उघडून अगदी नेहमीच्या आवाजात विचारलं, "आपण कितव्या आहोत?"

सालिना तिथेच चरात बसली आणि रडू लागली.

कपभर गोड चहा पोटात गेला तेवढ्यात पिकअप आली. तुवेई मास्तर उतरले. कोणी पाय मोडला का, असं त्यांनी विचारलं. सालिनाने तोंड उघडलं, पण जेरुतोने तिचा हात दाबला.

"मास्तर, मला साखर आहे. शाळेत असल्यापासून. रोज सुई घेते. परवानगी आहे, पण तुम्हाला सांगितलं नाही. तुम्ही घरी पाठवाल म्हणून."

मास्तरांनी टोपी काढली, परत घातली. पिकअपमधल्या तिच्या पिशवीतून तिने यंत्र आणवलं, त्यांच्यासमोर बोट टोचलं आणि आकडा दाखवला. साखर चढत होती, पण अजून कमीच होती. आत्ता लगेच पळता येईल का, असं त्यांनी विचारलं. येईल म्हणायला तिची जीभ शिवशिवली.

"नाही," ती म्हणाली. "आज नाही."

"निवड झाली मग," मास्तर म्हणाले. त्यांनी रस्त्याच्या टोकाकडे पाहिलं. "ह्या आजारातलं मला ओ का ठो कळत नाही. उद्या त्या सिस्टरकडे मला घेऊन चल. ती म्हणेल तसं करू. पण माझ्या कॅम्पात कोणी मरायला टेकलेलं मला असं रस्त्यात कळता कामा नये."

म्हातारीने ओच्यातलं उकडलेलं रताळं जेरुतोच्या मांडीवर टाकलं आणि डबा घेऊन निघून गेली. पिकअप निघाली. थोड्या वेळाने पुढच्या दोघी दिसल्या. मास्तरांनी गाडी हळू करून खिडकीतून त्यांना वेळ ओरडून सांगितली. वेळ काही फार चांगली नव्हती. सालिनाने ती ऐकली आणि मान फिरवली.

"तुझं वर्ष गेलं माझ्यापायी," जेरुतो म्हणाली.

"गेलं." सालिना म्हणाली. मग रताळ्याची साल काढून तिने ते जेरुतोच्या हातात दिलं. "आणि मी तुला मारायला निघाले होते, तेही लक्षात ठेव. आता खा, आणि ह्या आजारात आणखी काय काय होतं ते सगळं सांग मला. पहिल्यापासून."