चादरीचं चौथं टोक

आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवणारे बिरुदेव मेटकरी सर कुणालाही हाक मारताना पूर्ण नाव घेत. स्टाफरूममध्ये चहा आणणाऱ्या माणसाला आम्ही सगळे शिक्षक पिंट्या म्हणायचो, सर म्हणायचे, "प्रकाश यशवंत भोसले, साखर जरा कमी घाला की." तोवर निम्मा चहा निवलेला असे. वर्गात कुणी कुणाला जाड्या म्हटलं, तर खडू खाली ठेवून विचारायचे, "ह्याच्या बारशाला तुमी हुता का? मग?" संस्थेच्या अध्यक्षांना सगळे दादासाहेब म्हणत, सर मात्र विठ्ठलराव. त्यांची बढती रखडली, त्याला आणखीही कारणं असतील. गेल्या वर्षी निवृत्त होऊन ते सांगोल्याकडे गावी गेले. आता आमच्या हाका पटकन मारून होतात.

मला हा निव्वळ नाद वाटे. त्यांची एकच गोष्ट मात्र कळत नसे. त्यांची मुलगी रेणुका आमच्याकडेच बारावीला होती, हुशार. तिला पुण्याला इंजिनिअरिंगला जायचं होतं आणि सर नको म्हणत.

"हितं सोलापुरात कॉलेजं कमी हायत का?"

"सर, मुलींची हॉस्टेलं चांगली असतात तिकडं," मी म्हणायचो.

"आसतील की." यापुढे विषय सरकत नसे.

त्या वर्षीच्या गॅदरिंगला एक बडे बांधकाम व्यावसायिक प्रमुख पाहुणे म्हणून आले. फाटकावर 'रॅगिंगमुक्त परिसर' असा फलक होता, आणि त्यावर प्राचार्यांचा फोटो सगळ्या अक्षरांपेक्षा मोठा होता. त्याखालून पाहुणे आत आले, फेटा बांधून घेतला, शाल घेतली आणि 'संस्कार' या विषयावर बोलू लागले. बोलता बोलता त्यांना पहिल्या रांगेत मेटकरी दिसले.

"अरे, कोकरू! तू हितं व्हय?"

हे माइकवरच. मग त्यांनी मुलांना किस्सा सांगितला. दोघे बीएस्सीला एकाच वसतिगृहात होते. तिथं नव्या पोरांचं 'बारसं' व्हायचं. जुन्या चौघांनी चादरीची चार टोकं धरायची, नव्याला आत घालून छताकडे उडवायचं आणि नाव ठेवायचं. मेटकरींचे वडील मेंढरं राखायचे, म्हणून ते कोकरू. वर्षभर कुणीही हाक मारली, की त्यांनी 'बें' करायचं. "काय दिवस होते! त्यातूनच आम्ही घडलो," पाहुणे म्हणाले. सभागृह खदखदून हसलं. रेणुका मुलींच्या रांगेत खाली मान घालून बसली होती.

मेटकरी उठून मंचावर गेले. पाहुण्यांनी मिठीसाठी हात पसरले, ते पसरलेलेच राहिले. सरांनी माइक घेतला.

"पाव्हणे बोलले ते खरं हाय. पुढचं मी सांगतो. दुसऱ्या वर्षी चादरीचं चौथं टोक माझ्या हातात हुतं. कुणी धरायला लावलं नव्हतं. मीच म्हटलं, आता आमची पाळी. आतला मुलगा फरशीवर पडला, त्याचं मनगट मोडलं. आमी त्याला ठेवलेलं नाव मी सांगनार न्हाय. आईबापानं ठेवलेलं नाव सुभाष गणपत माने. दिवाळीला घरी गेला, तो परत आलाच न्हाय. शिक्षण तितंच संपलं. मी त्याच्या गावाला गेलो हुतो. त्यानं दारातनंच परत लावलं. बरोबर केलं."

"अरे, गंमत होती ती," पाहुणे हसत म्हणाले.

"व्हय. टोकं धरनाऱ्यांची."

पाहुण्यांनी जुन्या आठवणींना उजाळा दिला, असं वार्षिक अहवालात छापून आलं. गॅदरिंगच्या दुसऱ्या दिवशी सरांच्या तासाला मागच्या बाकावरून 'बें' ऐकू आलं. सर वळले. "बरं जमलंय. माझं याच्यापेक्षा चांगलं व्हायचं. उदाहरण तिसरं."

स्टाफरूममध्ये मी त्यांच्याशेजारी बसलो. तेच म्हणाले, "घरी गेल्यावर पोरीनं विचारलं, अप्पा, मला कोण काय करंल म्हणून भिता का? म्हटलं, न्हाय गं. पहिलं वर्ष तू निभावशील. मला भ्या हाय ते दुसऱ्या वर्षाचं."

"मग?"

"म्हनली, ते मला पाठवल्याबिगर कसं कळनार?"

रेणुका पुण्याला गेली. पहिलं वर्ष सरांनी खरंच निवांत काढलं. दुसऱ्या वर्षी, नव्या मुली आल्या त्या संध्याकाळी, ते माझ्या घरी येऊन बसले. थोड्या वेळानं तिचा फोन आला. त्यांना अलीकडे ऐकायला कमी येई, म्हणून फोन नेहमी स्पीकरवर.

"अप्पा, आमच्या वर्षाच्या पोरींनी नव्या पोरींना वरच्या मजल्यावर बोलवलंय. इंट्रो म्हणे. मी नाही जाणार."

"नुसतं न जाऊन भागत न्हाय बाळा. आमच्यातबी न आलेले लई जण हुते. खोलीत बसून ऐकायचे."

"मग काय करू?"

"खाली घिऊन जा त्यांना. जेवायला."

फोन बंद झाला. बायकोनं पोहे आणून ठेवले. सरांनी बशीकडे पाहिलंही नाही. बऱ्याच वेळानं पुन्हा फोन वाजला. मागे ताटवाट्यांचा आवाज येत होता.

"अप्पा, बहुतेक सगळ्या आल्या. जेवतायत. दोघी नव्या तेवढ्या वरच राहिल्या."

मेटकरी खुर्चीतून उठून उभे राहिले.

"मग माझ्याशी काय बोलत बसलीस? जा की वर."