माझ्या नावाचा टेपवर्म

टेपवर्मला मानेपाशी नवे तुकडे फुटत राहतात अन् जुने मागं सरकतात. आमच्या लॅबमधल्या किश्श्यांचंही तसंच. एक सांगून होईस्तोवर नवा तयार! इथं पोरं पक्षी-प्राण्यांच्या आतड्यांतल्या टेपवर्मवर पीएच.डी. करतात अन् मायक्रोस्कोपमध्ये बघून त्यांची चित्रं मी काढते. शाळा चौथीपर्यंत. बाकी सगळं माझं मीच शिकले.

*

पहिल्या दिवशी सरांनी विचारलं, "बाई, आधी काय रंगवायच्या?"

"उस्मानपुऱ्यातल्या दुकानांच्या पाट्या."

"किडे जमतील?"

"न जमायला काय झालं? दुकानदार रंगावरून भांडतो, किडा कशाला भांडेल!"

*

फुलंब्रीचा गणेश आमचा विद्यार्थी. चिकनच्या दुकानात जाऊन म्हणाला, "चाचा, आतडी द्या. धुवू नका, किडेवाली पाहिजेत."

चाचा भडकले. "हमारे माल में कीड़ा? धंदा बंद कराता क्या रे?" सुरी घेऊनच बाहेर आले! गणेश पळाला.

मग मी गेले, चहा पिऊन सगळं समजावलं. आता चाचा स्वतःच फोन करतात, "आज लई खराब माल है, जल्दी आओ!"

*

गणेशची आई लॅब बघायला आली. मेंढीतला टेपवर्म मीटरच्या मीटर लांब, अन् कोंबडीतली एक जात तांदळाच्या दाण्याहून लहान.

"एवढा फरक कसा काय, आई?" सरांनी परीक्षा घेतली.

ती म्हणाली, "जसं घर, तसा भाडेकरू!"

*

नवी जात सापडली की तिला कुणाचं तरी नाव द्यायची इथली रीत. सरांनी मोठ्या कौतुकानं सासऱ्यांचं दिलं. सासरे खूश!

"जावईबापू, राहतो कुठं हा?"

"शेळीच्या आतड्यात."

त्या दिवाळीला जावयाला बोलावणंच आलं नाही.

*

सासऱ्यांना किडा अन् एवढी वर्षं चित्रं काढणारीला नाही? मी सरळ म्हटलं, "पुढचा माझ्या नावाचा. नाहीतर चित्रं तुमची तुम्ही काढा!"

तेवढ्यात गणेशला कोंबडीत नवी जात सापडली. पण ओढताना डोकं तुटून आतड्यातच राहिलं. तो रडवेला झाला. "मावशी, डोक्याशिवाय नवी जात कोण मानणार?"

"मग शोध! बिनडोक्या किड्याला मी माझं नाव देऊ देणार नाय!"

दिवसभर त्यानं आतडं खरवडलं. संध्याकाळी ओरडला, "मावशी, सापडलं!" मी चित्र काढलं, सरांनी मान डोलावली, नाव पक्कं झालं.

घरी कुणी विश्वास ठेवेना. मग सूनबाईलाच लॅबमध्ये आणलं अन् मायक्रोस्कोपसमोर बसवलं. गोल डोकं, भोवती गळासारख्या वाकड्या आकड्यांची रांग, आतड्याचा लचका अजून घट्ट धरलेला.

ती बराच वेळ बघत राहिली.

"दिसलं का काही?" मी विचारलं.

"व्हय आत्या," ती म्हणाली, "लगेच ओळखलं!"