यूपीएसच्या मागचा डबा

माझं शेवटचं पोस्टिंग दक्षिण मुंबईत होतं, लष्कराच्या एका सिग्नल रूममध्ये. नेमकी जागा सांगत नाही, सवय आहे. मी हवालदार जाधव, लहानाचा मोठा डिलाईल रोडच्या चाळीत झालो. लोकांना वाटायचं, घरापासून दोन कोसांवर नोकरी म्हणजे मजा. मशीनसाठी त्या रूमचा एसी रात्रंदिवस अठरावर असायचा. भर मे महिन्यात आम्ही आत स्वेटर घालून बसायचो.

ड्युटी एक दिवसाआड, सकाळी 0800 ते दुसऱ्या दिवशी 0800. माझ्या हाताखाली नाईक सावंत होता, लालबागचा, मूळचा मालवणकडचा. कामाला चोख, बोलायला कमी. मला कमी बोलणाऱ्यांचा संशय येतो. माझा स्वभावच तसा. बायको म्हणते, मी दुधाची पिशवीसुद्धा उलटी करून बघतो.

एका ड्युटीला पाहिलं, सावंत हाफ बाह्यांच्या शर्टवर कुडकुडत होता. स्वेटर कुठे विचारलं तर धुवायला टाकलाय म्हणाला. पुढच्या ड्युटीलाही तेच. संध्याकाळी 1900 च्या सुमाराला तो यूपीएसच्या मागे जायचा आणि रिकाम्या हाताने परत यायचा. मी त्याला काही विचारलं नाही. डायरी काढली आणि वेळा टिपायला लागलो. चोर पकडायचा तर मुद्देमालासकट, असं माझं म्हणणं. नऊ ड्युट्या टिपल्या.

दहाव्या ड्युटीला, सकाळी 0540 ला, सावंत तोंड धुवायला गेला होता. मी टॉर्च घेऊन यूपीएसच्या मागे वाकलो. गरम हवा जिथून बाहेर येते, तिथे स्वेटरमध्ये गुंडाळलेलं, सुतळीने बांधलेलं गाठोडं होतं. कान लावला. आतून बारीक चुरचुर ऐकू येत होती. मी मागे सरकलो आणि वायरलेस उचलला.

"कंट्रोल, सिग्नल रूम. संशयास्पद वस्तू. ओव्हर."

"हात लावू नका. रूम खाली करा. ओव्हर."

सगळे बाहेर आले. तेवढ्यात सावंत परतला, काय चाललंय ते त्याला कळलं आणि तो आत धावला. मी त्याचा दंड पकडला. तो म्हणत होता, डबा माझा आहे, मी काढतो. मी सोडलं नाही. ज्याच्यावर संशय, त्यालाच वस्तूला हात कसा लावू देणार? बॉम्ब स्क्वाडने गाठोडं दोरीने ओढत अंगणात आणलं. डबा कलंडला. तपकिरी, आंबूस पीठ फरशीवर पसरलं.

मेजर साहेबांनी विचारलं, ये क्या है?

"साब, आंबील का आटा है. माँ के लिए."

त्याची आई परळच्या हॉस्पिटलमध्ये होती. घशाचा आजार. नाचणीचं पीठ भिजवून आंबवायचं, मग पातळ शिजवायचं. तेवढंच तिच्या घशाखाली उतरत होतं. ड्युटीला निघताना घरी भिजवलं तर दुसऱ्या दिवसापर्यंत मुंबईच्या उकाड्यात नासायचं. आमच्या रूममध्ये भिजवलं तर थंडीने आंबत नव्हतं. म्हणून यूपीएसची ऊब आणि अंगावरचा स्वेटर. त्या सकाळी म्हातारी उपाशी राहिली.

रिपोर्ट मी लिहिला. डायरीतल्या नऊ नोंदी जोडल्या. त्यामुळे गाढवपणा वाटावा ती गोष्ट कट वाटू लागली. महिन्याभरात सावंतला उत्तरेकडच्या फॉरवर्ड पोस्टवर पाठवलं. नऊ ड्युट्यांत एकदा तोंड उघडून विचारलं असतं तर? ही लाज माझी आहे.

निघताना त्याने मला पिठाची पिशवी दिली.

"रिपोर्ट तुम्ही लिहिलात. आता आंबीलही तुम्हीच करा."

केली. सुट्टीला मी हॉस्पिटलात न्यायचो, ड्युटीला बायको. पहिल्या दिवशी म्हातारीने मला खालून वर न्याहाळलं. "माझ्या झिलाची, बाबल्याची चुगली केलंस तो तूच मां?" मी हो म्हणालो. तिने पेला माझ्याकडे सरकवला. "आधी तू पी." तेव्हापासून मी गेलो की पहिला घोट माझा. मी गिळला की ती माझ्या तोंडाकडे जरा वेळ बघायची, मग प्यायची. तीन महिने हेच चाललं. तिने मला माफ केलं नाही, पण तिचं वजन दीड किलोने वाढलं.

मग एका सकाळी 0755 ला, माझी ड्युटी सुटताना, युनिटमध्ये मेसेज आला. तुटलेली लाईन जोडायला गेलेल्या पार्टीवर बर्फाचा कडा कोसळला. नाईक सावंत शहीद. मेजर साहेब स्वतः जाणार होते. मी म्हणालो, आधी मला जाऊ द्या साहेब, तिने अजून काही खाल्लेलं नसेल. पोटात चार घोट गेल्यावर सांगू, असं मी ठरवलं होतं.

तिने नेहमीसारखा पेला माझ्याकडे सरकवला. मी तोंडाला लावला. घोट तोंडात आला, पण खाली उतरेना.

ती बघत राहिली. मग माझ्या हातातून पेला काढून घेऊन तिने खाली ठेवला.

"बाबल्याक काय झाला?"

मी सावधानमध्ये उभा राहिलो आणि तिला सांगितलं.